टोयोटा आहे म्हणून डोळे झाकून जुनी क्रिस्टा घ्यावी का?

प्रश्न : घरात आम्ही सहा जण, त्यात आई-वडील सत्तरीचे. महिन्यातून एकदा पुणे, वर्षातून दोन-तीनदा कोकण किंवा तिरुपती एवढाच गाडीचा वापर. २०१७ ची इनोव्हा क्रिस्टा बघितली आहे. २.४ डिझेल, मॅन्युअल, मीटरवर १ लाख ६२ हजार किलोमीटर. विकणारा दुसरा मालक आहे आणि १३ लाख म्हणतो. तेवढ्याच पैशात नवी रुमियन येते, तीही टोयोटाच. वडील म्हणतात, 'क्रिस्टा डोळे झाकून घे, तीन लाख किलोमीटरपर्यंत बघायला नको.' आजोबा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात होते, त्यामुळे घरात या कंपनीबद्दल जरा जास्तच जिव्हाळा आहे. टोयोटाचं नाव खरंच एवढं मोठं आहे का? आणि ही गाडी घेऊ का?
— एक वाचक, पलूस, जि. सांगली

उत्तर : नाव खरं आहे. पण ते कारखान्यातून निघालेल्या गाडीचं नाव आहे आणि तुमच्यासमोर उभी आहे ती दोन मालकांनी वापरलेली गाडी. त्या दोघांनी तेल कधी बदललं, गाडी कुठे उभी केली, कुणाच्या हातात दिली, यावर तुमची पुढची वर्षं ठरणार. त्यामुळे घ्यायला हरकत नाही, फक्त डोळे उघडे ठेवून. १३ लाखांना लगेच होकारही देऊ नका.

वडिलांच्या बोलण्यात तथ्य किती, ते आधी बघू. टोयोटाची सुरुवात मागापासून झाली. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला, तो सूत तुटलं की आपोआप थांबायचा. विटा-इचलकरंजीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. सूत तुटूनही माग चालत राहिला तर पुढचं कापड डागी निघतं. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला विकले गेले. साकिचींचा मुलगा किइचिरो यांच्या हट्टामुळे १९३३ मध्ये माग कारखान्यात मोटारींचा विभाग निघाला, १९३६ मध्ये 'एए' ही पहिली विक्रीची मोटार आली आणि १९३७ मध्ये मोटारींची स्वतंत्र कंपनी झाली. मागातलं तत्त्व तिथेही टिकलं. जोडणीच्या रांगेत कुणाही कामगाराला खोट दिसली तर त्याने दोरी ओढायची, आणि ती खोट जागीच निस्तरली नाही तर अख्खी रांग थांबते. चूक पुढे ढकलायची नाही, ही शिस्त तिथून आली.

नाव मात्र जन्मतः मिळालेलं नव्हतं. १९५७ साली टोयोटाने 'क्राउन' अमेरिकेत नेली, तेव्हा तिथल्या लांब हमरस्त्यांवर ती तापायची, दम सोडायची. काही वर्षांत ती निर्यात बंद करावी लागली. १९६५ मध्ये 'कोरोना' घेऊन कंपनी परत गेली आणि मग तिकडे पाय रोवले. म्हणजे ही पुण्याई कष्टाने कमावलेली आहे. २००९-१० मध्ये पायपुसणी आणि अॅक्सिलरेटरच्या पेडलच्या प्रकरणात याच कंपनीला जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, हेही त्याच इतिहासात येतं.

तुमच्या घरातल्या जिव्हाळ्यालाही आधार आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्याच घराण्यातल्या चौथ्या पिढीचे विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाला भारतात आणलं. दोन्ही घराण्यांचं सूत जुळलं ते आधी कापडाच्या यंत्रांवर, १९९५ मध्ये. मोटारींची टोयोटा किर्लोस्कर कंपनी त्यानंतर १९९७ मध्ये निघाली. कारखाना बंगळूरजवळ बिडदीला, आणि ८९ टक्के मालकी जपानी टोयोटाची. २००० साली आलेली क्वालिस ही इंडोनेशियातल्या 'किजांग'ची जुनी आवृत्ती होती. दिसायला साधीच, पण टूरवाल्यांनी ती अक्षरशः पिळून काढली आणि ती टिकली. २००५ मध्ये इनोव्हा आली, २०१६ मध्ये क्रिस्टा.

इथे वडिलांच्या हिशेबातली एक गोष्ट लक्षात घ्या. 'इनोव्हा तीन लाख, पाच लाख चालते' ही ख्याती मुख्यतः जुन्या इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेल इंजिनाने मिळवून दिली. ते इंजिन अडीच लिटरमधून फक्त १०२ पीएस ताकद काढायचं. इतकं निवांत काम म्हटल्यावर ते टिकणारच. तुमच्या क्रिस्टामध्ये दुसरं इंजिन आहे : २.४ लिटर, १५० पीएस, ३४३ न्यूटन मीटर टॉर्क. तेही दणकट आहे, शिवाय त्यात टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, त्यामुळे लाख-दीड लाखाला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. पण लहान इंजिन आणि जास्त ताकद म्हटल्यावर टर्बो, इंजेक्टर, तेल यांच्याकडे जुन्या इंजिनाइतकं दुर्लक्ष खपत नाही. २०२४ च्या जानेवारीत याच घराण्यातल्या डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचण्यांमध्ये गैरप्रकार झाल्याचं इंजिन बनवणाऱ्या टोयोटा इंडस्ट्रीजने कबूल केलं आणि भारतातही क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स यांची रवानगी काही काळ थांबली होती. टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे तीच मूळची माग कंपनी. सूत तुटलं की थांबायचं, ही शिकवण जिथे जन्मली तिथेच असं व्हावं याचं वाईट वाटतं. आधीच्या गाड्या वापरणं थांबवायची गरज नाही, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. तुमच्या गाडीच्या टिकाऊपणाशी त्याचा संबंध नाही, पण 'टोयोटा कधी चुकतच नाही' असं कुणी म्हणालं तर हे माहीत असावं.

मालकांच्या समाधानाच्या पाहण्यांबद्दलही थोडं. अशा पाहण्या बहुतेक पहिल्या मालकाला विचारतात. काही पहिल्या तीन महिन्यांच्या अनुभवावर असतात, काही तीन वर्षं जुन्या गाड्यांवर. दीड लाख किलोमीटर झालेल्या, तिसऱ्या हातात जाणाऱ्या गाडीबद्दल त्या फारसं काही सांगत नाहीत. तुमच्या समाधानाचा अंदाज तुमच्या वापरावरून बांधा.

तुमचा वापर मोजून बघू. महिन्याला पलूस-पुणे जाऊन-येऊन ४०० किलोमीटर, वर्षाला दोन-तीन लांबच्या फेऱ्या. सगळं धरून ९ हजारांच्या आसपास. ही गाडी २०१७ ची, म्हणजे नोंदणी २०३२ पर्यंत. तोवर मीटर सव्वादोन लाखांच्या आसपास जाईल. तीन लाखांचा प्रश्न तुमच्या हातात येणारच नाही. या गाडीत तुमच्याकडे जुनं होणार आहे ते रबर : बुश, होसेस, सील, पट्टे, टायर. ते किलोमीटरवर नाही, वर्षांवर जातं. म्हणून सर्व्हिस '१० हजार झाले की' अशी मोजू नका. किलोमीटर कितीही झालेले असोत, वर्षाला एक सर्व्हिस चुकवायची नाही.

डिझेल परवडतं म्हणून क्रिस्टा घेत असाल तर तो विचार सोडा. वर्षाला ९ हजार किलोमीटर, क्रिस्टाची सरासरी १३ धरली आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर वर्षाचे ६२ हजार. रुमियन पेट्रोलची सरासरी १६ आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर साडेअठ्ठावन्न हजार. इंधनात काहीच वाचत नाही. क्रिस्टा घ्यायची तर ती आरामासाठी, लांबच्या रस्त्यावर पोटातलं पाणी हलत नाही म्हणून.

रुमियनबद्दल एवढंच लक्षात ठेवा, की ती मुळात मारुती सुझुकीची अर्टिगा आहे. बिल्ला टोयोटाचा, इंजिन सुझुकीचं १.५ लिटर. गाडी वाईट मुळीच नाही. साधी, हलकी, स्वस्तात सांभाळता येणारी, आणि नवी असल्यामुळे तीन वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी. पण वडिलांच्या मनातला जो टोयोटाचा दणकटपणा आहे तो शिडीसारख्या चासीवर बसवलेल्या गाडीचा आहे, आणि तो रुमियनमध्ये शोधू नका. एक गोष्ट मात्र रुमियनच्या बाजूची : तिची पायरी बुटकी आहे. क्रिस्टाचा फ्लोअर उंच आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत चढताना हात धरावा लागतो. आई-वडिलांना दोन्ही गाड्यांत प्रत्यक्ष चढवून-उतरवून बघा, पाच-पाच वेळा. या एका गोष्टीवरून घरातला निर्णय फिरू शकतो. आणि दोन्ही गाड्यांत तिसरी रांग उघडली की मागे सामानाला जागा जेमतेम उरते. सहा जण आणि तिरुपतीचं सामान म्हणजे वर कॅरियर लागणार.

आता गाडी तपासण्याकडे वळू. तुमच्या भागात पहिली तपासणी इंजिनाची नाही, पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा, आणि त्याच वेळी चिपळूण-महाडही. २०१७ ची गाडी या दोन्ही पुरांच्या वेळी रस्त्यावर होती. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून अशी उभी करतात की वरवर पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून तिन्ही रांगांचे सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची तपकिरी रेघ किंवा बुरशीचे ठिपके असतील तर तिथेच थांबा. ही जागा धुवायचं सहसा कुणाला सुचत नाही. मग सीटखालचे रूळ आणि बोल्ट टॉर्च मारून बघा. बाहेरच्या लोखंडाला गंज नसताना आतल्या बोल्टना गंज असणं हे वाईट लक्षण. कार्पेटचा कोपरा उचलून खालच्या फेल्टला हात लावा आणि वास घ्या. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधल्या एखाद्या जोडणीवर हिरवट बुरा आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची आडवी रेघ आहे का, तेही बघा. गाडीत खूप सुगंधी फवारा मारलेला असेल तर तो का मारला, असा प्रश्न पडायला हवा. यासोबत विक्रेत्याकडून मागच्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागवा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) एखाद्या वर्षी अचानक शून्यावर आलेला असेल तर त्याआधीच्या वर्षी क्लेम झालेला असू शकतो. पुराचं एकही लक्षण सापडलं तर किंमत कितीही उतरली तरी गाडी सोडा, कारण वायरिंगचा त्रास संपत नाही.

दुसरी तपासणी मीटरची. १ लाख ६२ हजार हे खासगी गाडीला शोभणारे आकडे आहेत, वर्षाला साधारण वीस हजार. पण इनोव्हा ही टूरची लाडकी गाडी, आणि टूरची गाडी वर्षाला याच्या दुप्पट-तिप्पट धावते. त्यामुळे पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर आणून मीटर मागे फिरवण्याचे प्रकार या गाडीत जास्त होतात. चासी नंबर घेऊन टोयोटाच्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये जा आणि सर्व्हिसचा इतिहास मागा. बरोबर मालक असेल तर काम सोपं होतं. तारीख आणि किलोमीटर क्रमाने वाचा. मध्येच एखादा आकडा मागे गेलाय का, किंवा ९०-९५ हजारांनंतर नोंदीच बंद झाल्यात का? बाहेर काम केलं असेल तर त्याची बिलं मागा. आरसीवर पूर्वी कधी 'मोटर कॅब' असा प्रकार होता का, तेही बघा. अॅक्सिलरेटर पेडलच्या आसपासच्या वायरींना कापून जोडल्याच्या खुणा किंवा नंतर गुंडाळलेली टेप दिसली, तर तिथे पूर्वी टूरच्या गाडीचा स्पीड गव्हर्नर असू शकतो. ब्रेकच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगचं कातडं, गिअरची मूठ, मधल्या रांगेच्या दाराचं हँडल : हे सगळं एकाच वयाचं वाटलं पाहिजे. मूठ नवी आणि सीटची कड खचलेली, असं असेल तर का ते विचारा. काचांवरचे वर्षाचे कोड एकमेकांशी जुळतात का, तेही बघून घ्या. एखादीच काच वेगळ्या वर्षाची असेल तर तिकडच्या बाजूला काय झालं होतं, हा पुढचा प्रश्न.

दिल्ली पासिंगची गाडी म्हणून कुणी स्वस्तात दाखवत असेल तर वेगळा विचार करा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यामुळे २०१५-१७ च्या कितीतरी इनोव्हा आपल्याकडे आल्या. गाडी चांगली असूही शकते, पण एनओसी, महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा रोड टॅक्स आणि तिकडचा परतावा, हे धरून किंमत काढा.

इंजिन तपासायला सकाळी लवकर जा, आणि 'गाडी सुरू करू नका' असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर सुरुवात चुकली, दुसऱ्या दिवशी या. थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा; गरम असताना चुकूनही उघडू नका. आतलं कूलंट गुलाबी असायला हवं. नुसतं पाणी, तांबूस गढूळ द्रव किंवा वर तेलाचा तवंग दिसला तर पुढे जाऊ नका. मग गाडी सुरू करा. पहिले काही क्षण डिझेलचा खडखडाट आणि काळसर धुराचा एखादा झोत चालतो. कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर रेंगाळत असेल तर इंजेक्टरकडे संशय. पाच मिनिटं आयडलला ठेवून एकदम रेस दिल्यावर निळसर धूर आला, तर तेल जळतंय. टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्हचे सील, दोन्ही महागातली कामं. समोरून चेनची किणकिण काही सेकंदांनंतरही चालू राहिली तर चेन आणि टेन्शनर तपासायला हवं.

इंजिन गरम झालं की आयडलवर असतानाच तेलाच्या भोकाचं झाकण सोडवून त्याच भोकावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल, किंवा धुराचा दाब सतत येत असेल, तर ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या कडेने खाली गळणारा वायू, जास्त आहे. पिस्टन रिंगपर्यंत प्रकरण गेलेलं असू शकतं. झाकणाच्या आत काळा घट्ट थर असेल तर तेल वेळेवर बदललेलं नाही, हे कागदांनी काहीही सांगितलं तरी खरं माना. जुन्या २.५ लिटर इनोव्हात इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळून जळालेला वायू तेलात मिसळायचा, काजळी साचून तेल खेचण्याची जाळी तुंबायची आणि कितीतरी इंजिनं तेलाअभावी बसली. तुम्ही क्रिस्टाऐवजी जुनी इनोव्हा बघायला लागलात तर ही गोष्ट विसरू नका.

चालवायला घ्याल तेव्हा गावातून एक चक्कर मारून परत येऊ नका. २०-२५ किलोमीटर चालवा, त्यात एक चढ आणि थोडा हायवे हवा. चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबा. आरपीएम चढतोय आणि वेग चढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलायचं असतं आणि फ्लायव्हीलही तपासायचं असतं. पहिल्यातून रिव्हर्सला टाकताना मागून 'टक्क' असा ठोका आला तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस गेलेले असतात. ६० ते ८० च्या वेगात पाय सोडल्यावर मागून घूंऽऽ असा आवाज आला तर डिफरन्शियल. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क वाकड्या झालेल्या असतात. जड गाडी आणि घाटाचा वापर यामुळे या गाडीत पॅड आणि डिस्क लवकर झिजतात, आणि तेवढा खर्च स्वाभाविक आहे. एसी पुढचा आणि मागचा, दोन्ही किमान अर्धा तास चालू ठेवा. मागच्या झडपांतून नुसता वारा येत असेल तर कॉइल किंवा गॅसचं काम आहे.

मग गाडी लिफ्टवर चढवा. यात शे-पाचशेची कंजुषी करू नका. लोअर आर्मचे बुश फाटलेत का, शॉकअॅब्सॉर्बर ओले आहेत का, स्टिअरिंग रॅकच्या रबरी बूटमध्ये तेल साचलंय का (यात हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे, गळती आधी तिथे दिसते), इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे ओल आहे का, मागच्या ड्रममध्ये अॅक्सलचं तेल उतरलंय का. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवरून हात फिरवा. नंतर केलेलं वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग लागला तर अपघात झालेला आहे.

शेवटी गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावा. नुसते चालू एरर कोड बघून समाधान मानू नका. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर धावली, हा आकडाही स्कॅनर दाखवतो. तो १५-२० किलोमीटर असेल तर कालच कुणीतरी कोड पुसलेत. चारही इंजेक्टरचं करेक्शन, म्हणजे संगणक प्रत्येकाच्या डिझेलमध्ये किती कमी-जास्त करतोय तो आकडा, आयडलला बघा. साधारण उणे ३ ते अधिक ३ च्या आत आणि एकमेकांच्या जवळ असावं. एकच इंजेक्टर फटकून असेल तर तो सुटा काढून बेंचवर तपासावा लागेल. २०१७ ची गाडी बीएस-४ असल्यामुळे २०२० नंतरच्या क्रिस्टांमधली डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) तुंबण्याची कटकट तुम्हाला नाही. तुमच्यासारख्या महिन्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या घरासाठी ही जमेची बाजू आहे.

हे सगळं नीट निघालं, तरीही १३ लाख जास्त आहेत. तुम्ही तिसरे मालक होणार, त्यामुळे पुढे विकताना भाव पडेल, आणि वॉरंटी संपलेली आहे. गाडी हातात आल्यावर लगेच इंजिन ऑइल-फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर आणि डिफरन्शियल ऑइल, फॅन बेल्ट, हे सगळं एकदा बदलून आपलं नवं खातं सुरू करा. कूलंट टोयोटाचंच गुलाबी भरा, हिरव्यात मिसळू नका. टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनले ते बाजूच्या चार आकड्यांवरून कळतं. सहा वर्षांच्या वरचे असतील तर खोबणी कितीही दिसली तरी बदला, आणि पाच टायर म्हणजे ४० हजारांच्या आसपास. क्लच, बुश, ब्रेक यांतलं एखादं काम निघेलच. म्हणून दीड लाख बाजूला ठेवून उरलेल्या बजेटमध्ये गाडी बसते का, ते बघा. तपासणीत निघालेल्या प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक लेखी घेऊन मालकासमोर ठेवा. साडेअकरा-बाराच्या घरात उतरला तर घ्या. सर्व्हिसचा इतिहास दाखवायलाच तयार नसेल तर भाव करत बसू नका. क्रिस्टा बाजारात भरपूर आहेत, हीच घ्यायला हवी असं काही नाही.

कागदपत्रांत फॉर्म २९ आणि ३०, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. आरसीवरचं हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा) उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनं पैसे देण्याआधी त्याच्याकडून भरून घ्या आणि फास्टॅग त्याचा त्यालाच बंद करायला लावा. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो फरक भरावा लागेल. तेवढी रक्कमही बजेटमध्ये धरा.